पोर्तुगीज भरतकाम: इस्त्री तापवण्याआधी वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बहुतेक टेबलक्लॉथ आमटीच्या डागाने नाही, इस्त्रीने बिघडलेले असतात. म्हणून हा कागद आता बिलासोबतच देतो.

मादेइरा बेटावरच्या पांढऱ्या कामात पाकळीखाली आधी साध्या टाक्यांची भर घालतात आणि तिच्यावर साटीन टाका (एकमेकांना लागून दाट धागे) घेतात. पाकळी बोटाला उंच लागते ती त्या भरीमुळे. सुलट बाजूने दाबून इस्त्री फिरवली की भर बसते, मग कितीही वाफ द्या, पहिली उंची येत नाही. कटवर्कची, म्हणजे कापड कापून केलेल्या जाळीची, गत याहून वाईट. इस्त्रीचं टोक जाळीच्या दांडीत अडकतं, काजटाका तुटतो आणि शेजारच्या दांड्याही सैल पडतात. ते दुरुस्तीचं काम सुईनेच करावं लागतं. बिल पाहून कपाळाला आठ्या पडतात, पण मशीनवर ते होत नाही.

कापड दमट असतानाच जाड टॉवेलवर पालथं घाला आणि उलट बाजूने इस्त्री करा. बस.

खळ घालायची तर पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, तीही पातळ. ठेवणीतल्या कापडाला नको: खळीवर कसर येते आणि घडीवर धागा तुटतो. आम्ही कापड मऊच परत देतो, ते याचसाठी.

गिमाराइंश शहराचं काम एका कापडावर एकाच रंगाच्या धाग्याचं असतं. लाल असेल तर पहिल्यांदा वेगळं धुवा. कास्तेलु ब्रांकु शहराची रेशमी पलंगपोस मात्र घरी भिजवूच नका; तिचं रेशीम न पिळलेलं असतं, पाण्यात विस्कटतं. (तिच्यावरच्या जीवनवृक्षात भारतातून गेलेल्या भरतकामाची छाप आहे, हे आम्ही दुकानात जरा मिरवतोच.)

विला व्हेर्द गावच्या प्रेमरुमालांवर, म्हणजे मुली प्रियकरासाठी भरत त्या रुमालांवर, शुद्धलेखनाच्या चुका दिसतील. तिथल्या मुली बोलत तसंच भरत. तो दोष नाही, त्यामुळे रुमाल बदलून मिळत नाही.

मादेइराच्या कामावरची प्रमाणखूण, जुन्यावर शिशाची, नव्यावर होलोग्रामची, कापू नका. पुढे विकायचं झालं तर भाव तिच्यावर ठरतो.

आजीच्या पेटीतलं काही निघालं असेल तर न धुता, न इस्त्री करता घेऊन या. पाहणी फुकट. नाताळासाठी हवं असेल तर नोव्हेंबर उजाडायच्या आत आणा. डिसेंबरात आम्ही नवीन काम घेत नाही.