आगळ आणि अमृत कोकम : रंग एक, काम वेगळं

दुकानाच्या फळीवर दोन बाटल्या शेजारीशेजारी असतात. दोन्ही गडद लाल, दोन्ही रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या फळाच्या, दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘कोकम’. एकीत आगळ, दुसरीत अमृत कोकम. गिऱ्हाईक घरी जाऊन आगळात पाणी घालतं, पहिल्याच घोटाला तोंड खारट होतं आणि माल खराब आहे असं समजून ते पुन्हा तो बनवणाऱ्या बचत गटाकडे फिरकत नाही. माल उत्तम होता, फरक तेवढा कुणी सांगितला नव्हता.

आगळ म्हणजे मिठात टिकवलेला कोकमाचा रस, स्वयंपाकात आंबटपणासाठी वापरायचा. अमृत कोकम म्हणजे साखरेत टिकवलेला पाक, पाणी घालून प्यायचा. फळ तेच, पण टिकवणारा पदार्थ बदलला की पुढचं सगळं बदलतं.

दोन्हींची सुरुवात सारखीच. पूर्ण पिकलेले, लालजांभळे रातांबे धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडे करायचे, मग फोडून साल वेगळी आणि गर-बिया वेगळ्या करायच्या. आगळासाठी दर किलो सालीला १६० ग्रॅम मीठ लावायचं. अमृत कोकमासाठी दर किलो सालीला २ किलो साखर, एक थर सालीचा, एक साखरेचा. दोन्हीकडे भांडं झाकून साधारण सात दिवस ठेवायचं, रोज एकदा कोरड्या लाकडी पळीने वरखाली करायचं आणि शेवटी गाळून कोरड्या बाटलीत भरायचं. घरोघरच्या जुन्या रीतीत गर-बियांनाही मीठ लावून आगळ काढतात. तेही चांगलं होतं, पण गढूळ राहतं, जास्त गाळावं लागतं.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचं हवं. अ‍ॅल्युमिनियम, लोखंड किंवा तांबं अजिबात नको. कोकमाचं आम्ल धातू खातं, रस काळवंडतो आणि धातू पोटात जातो. आगळात तर जोडीला मीठही असतं. दुसरी चूक म्हणजे घाईने उकळणं. कोकमाचा लाल रंग उष्णतेने मोडतो आणि तपकिरी होतो, म्हणून साखर विरघळायला वेळ लागला तरी विस्तव पेटवू नये.

बिघडण्याची कारणं मात्र वेगळी. आगळात मीठ कमी पडलं किंवा सालीला पाणी राहिलं की आठवडाभरात वर पांढरी साय धरते. अमृत कोकमात साखर कमी पडली की ते फसफसतं, झाकण फुगतं, उघडताना फस्सकन आवाज येतो आणि वास आंबूस येतो. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातला गोडवा मोजणाऱ्या उपकरणावर, ६५ च्या वर आकडा असला की ही भीती बरीच कमी होते. महाग पडू नये म्हणून साखरेत काटकसर करणाऱ्यांचाच माल आधी परत येतो. पावसात भिजलेलं फळ लवकर कुजतं, त्याचं दोन्हीपैकी काहीच करू नये.

बाटलीवर चिठ्ठी नसेल तर एक थेंब दोन बोटांत चोळा. अमृत कोकम चिकटतं, बोटं सोडवताना तार येते. आगळ पाण्यासारखं पातळ लागतं आणि वाळल्यावर बोटावर मिठाचा पांढुरका माग राहतो. वरून रंग घातल्याचा संशय असेल तर चमचाभर पाण्यात थेंबभर रस टाकून चिमूटभर खायचा सोडा घाला. कोकमाचा स्वतःचा लाल रंग सोड्याने लगेच बदलतो, निळसर-हिरवट किंवा मळकट होतो. तसाच लालभडक राहिला तर त्यात दुसरं काहीतरी आहे.

सोलकढीला आगळच हवं. दोन वाट्या नारळाच्या दुधाला दोन मोठे चमचे पुरतात, आणि वेगळं मीठ चव बघितल्याशिवाय घालू नये. अमृत कोकमाची सोलकढी गोडमिट्ट होते. सरबतासाठी एक भाग अमृत कोकमाला पाच-सहा भाग गार पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. रक्तदाब असलेल्यांनी आगळ बेताने वापरावं, मधुमेह असलेल्यांनी अमृत कोकम टाळावं. या दोन ओळी बाटलीवर छापायलाच हव्यात.

नव्या गटाने आधी आगळाला हात घालावा, असं आमचं ठाम मत आहे. भांडवल म्हणजे जवळजवळ मीठच. अमृत कोकमात मात्र विक्रीचा एक रुपया येण्याआधी सालीच्या दुप्पट साखर विकत घ्यावी लागते. माल तयार होतो तोवर मे संपत आलेला असतो, सरबताचे दिवस सरतात, आणि बरीचशी बाटली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सांभाळावी लागते. तोवर रंग उतरतो, म्हणून ती अंधाऱ्या, गार जागी ठेवावी. आगळाचं तसं नाही, खानावळींना सोलकढीसाठी ते बारा महिने लागतं.

उरलेली सालही फेकायची नाही. आगळाची खारवलेली साल उन्हात वाळवून आमसुलासारखी विकली जाते, अमृत कोकमाची गोड साल वाळवली की मुलं चघळून खातात. मात्र दोन्ही साली एकाच पाटीत वाळवू नयेत. बिया धुऊन वाळवल्या की त्यांच्यापासून कोकमतेल निघतं, भेगाळलेल्या टाचांना लावतात ते.

रातांब्याची झाडं बहुधा औषध न फवारता वाढलेली असतात, म्हणून अनेक गट चिठ्ठीवर सरळ ‘सेंद्रिय’ लिहितात. दुकानात ठेवायच्या मालावर तो शब्द लावायला पीजीएस-इंडिया किंवा एनपीओपी या सेंद्रिय मालाच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. ते हाती येईपर्यंत ‘फवारणी न केलेल्या झाडांचं’ असं खरं तेवढंच लिहावं, आणि त्याच्या वर ठळक अक्षरात : ‘आगळ – खारट, स्वयंपाकासाठी’ किंवा ‘अमृत कोकम – गोड, सरबतासाठी’.