सोशिक सून दुपारी कधी आली? मालिकांतल्या ठरीव पात्रांची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडच्या घरांत दुपारी दीड-दोनला टीव्ही लागायचा तो बहुतेक वेळा रात्री चुकलेला भाग बघण्यासाठी. २०२२ च्या सुमारास मराठीत खास दुपारसाठी म्हणून पुन्हा ताज्या मालिका आल्या. वेळ वेगळी होती, माणसं मात्र ओळखीची: सोसणारी सून, खाष्ट सासू, कळलावी जाऊ, सगळं दिसत असूनही पेपरात डोकं घालून बसलेला सासरा, आईच्या शब्दाबाहेर नसलेला नवरा आणि त्याच्या ऑफिसात टपून बसलेली 'ती'. ही पात्रं हिंदीवरून उचलली आणि हिंदीनं अमेरिकेवरून, असं सर्रास बोललं जातं. त्यात निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं आपल्याच अंगणातलं आहे. आणि मधे झालेला एक बदल तर माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

अमेरिकेचं आधी उरकतो. साबण कंपन्यांच्या जाहिरातींवरून 'सोप ऑपेरा' नाव पडल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडून देऊ. १९३० मध्ये शिकागोच्या रेडिओवर एका लेखिकेनं रोजची कौटुंबिक श्रुतिका सुरू केली. तिच्या मध्यभागी होती एक विधवा आई आणि तिची वयात आलेली मुलगी. रेडिओवर चेहरा दिसत नाही, रोज जेमतेम पंधरा मिनिटं मिळतात, ऐकणारी बाई हातातलं काम टाकून बसत नाही. त्यामुळे पात्र आवाजावरून, पहिल्याच वाक्यात ओळखू यावं लागे. शहाणी म्हातारी, भोळी पोर, धीराचा डॉक्टर असे साचे त्या गरजेतून घट्ट झाले. १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झालेली अशीच एक मालिका १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली. कारस्थानी बाईचा साचा मात्र तिथेही उशिराच आला. १९६० मध्ये दुसऱ्या एका मालिकेत थोड्या दिवसांसाठी आणलेली साधीसुधी मुलगी अभिनेत्रीनं आपल्या मनानं धूर्त करून टाकली. प्रेक्षक तिच्यावर इतके चिडले की ती पुढे मालिका संपेपर्यंत हवीहवीशी राहिली. मालिका संपली २०१० मध्ये.

आता आपल्याकडे. १८४३ च्या सांगलीतल्या मराठी नाटकाच्या त्या पहिल्या खेळाचं कौतुक दर ५ नोव्हेंबरला होतंच. इथे त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि भाषणं नट आयत्या वेळी करायचे. लिहिलेली संहिता हातात नसताना रोज रात्री उभं राहायचं, तर आपण कोण हे नटाला पक्कं माहीत असावं लागतं. म्हणून राजापार्ट, स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट. राक्षस आला की आरडाओरडा आणि तलवारीचे हात, स्त्रीपार्ट आला की विलाप. माणूस बदलायचा, पार्ट तोच. आजच्या मालिकेत संवाद कित्येकदा त्याच सकाळी सेटवर पोचतात आणि नटाला संध्याकाळपर्यंत सगळे सीन द्यायचे असतात. त्यालाही पार्टच तारतो. सांगलीचे राक्षस आणि शिकागोची विधवा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दोघांना जन्माला घालणारी घाई एकच आहे.

सासू-सुनेचा मामला तर नाटकाच्याही आधीचा. आमच्याकडे हादगा म्हणतात, पुण्याकडे भोंडला. त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं प्रत्येकीला येतं. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर त्याला कारली येऊ देत. कारली आली, तर भाजी कर. दर कडव्याला एक अट, आणि माहेर तिथेच लांब. रोजच्या मालिकेची सगळी विद्या या एका गाण्यात आहे. फरक एवढाच की हादग्यात फेर धरणाऱ्या पोरी हे हसत म्हणतात. सासूची नक्कल करायला पुढे होणारी पोर सगळ्यांत लाडकी असते.

सांगलीजवळ संगमावरच्या हरिपूरच्या नाटककारानं १८९९ मध्ये 'शारदा' आणलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात पोर बांधू पाहणारा लोभी बाप, मधे दलाली करणारा दीक्षित, आणि जिला विकलं जातंय ती मुलगी. आजच्या मालिकांना पुरतील एवढे साचे तिथे तयार आहेत. पण शारदा गप्प नाही. ती रडते, जाब विचारते, तिच्या मैत्रिणी तिच्या बाजूनं बोलतात. मग 'गप्प बसणं म्हणजे चांगुलपण' हे कुठून आलं?

इथे 'सोशिक' या शब्दापाशी थांबावं लागतं. माझ्या मते सगळा गुंता त्याच्यात आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात सोशिक हा ताकदीचा शब्द आहे. पाण्याचा ताण पडूनही उभं राहणारं पीक सोशिक. दुष्काळात छावणीला न नेताही तगलेलं खोंड सोशिक. बाईला सोशिक म्हणतात तेही त्याच अर्थानं. या भागातला पुरुष एक तर मुंबईच्या गिरणीत, नाही तर पलटणीत, नाही तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात पार दुसऱ्या राज्यात. १९८२ च्या संपानंतर गिरणीतली मनीऑर्डर बंद झाली, तेव्हा घरं बायकांनी चालवली. रान, जनावरं, सोसायटीचं कर्ज, पोरांची फी सगळं बघणारी बाई सोशिक होती आणि तोंडानं फटकळही होती. दोन्हीत कुणाला विरोध वाटत नव्हता. सासूला खाष्ट म्हटलं जाई तेही याच घरात. पुरुष वर्षातून दोनदा येणार म्हणजे कडी-किल्ली तिच्याच हातात, आणि ती सहजासहजी सुटत नसे.

मालिकांनी या शब्दातली ताकद काढली आणि मुकाटपणा तेवढा ठेवला. हे एका दिवसात झालं नाही. त्यातला सर्वांत वादाचा निर्णय १९८४ चा आहे.

त्या वर्षी जुलैत दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. तिचा आराखडा मेक्सिकोतून आला होता. तिथल्या एका निर्मात्यानं सत्तरच्या दशकात लोकशिक्षणासाठी मालिका लिहिण्याची पद्धत बसवली होती. तिच्यात पात्रं तीन प्रकारची: ज्याचं अनुकरण व्हावं असं, ज्याच्यावरून धडा घ्यावा असं, आणि दोहोंच्या मधे घुटमळणारं. तिसरं हळूहळू पहिल्याकडे सरकतं आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही सरकतो, अशी कल्पना. 'हम लोग'मधली आई भागवंती या आराखड्यात दुसऱ्या प्रकारची होती. दिवसभर राबणारी, दारुड्या नवऱ्याचं आणि सासूचं ऐकून घेणारी. 'असं जगू नका' हे सांगायला ती उभी केली होती. घडलं भलतंच. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की पुष्कळ प्रेक्षकांनी, त्यातल्या बायकांनीसुद्धा, तिलाच आदर्श आई मानलं. मालिकेला सुमारे ४ लाख पत्रं आली, म्हणजे लोक बघून विसरत होते असंही नाही. धडा म्हणून मांडलेली बाई देव्हाऱ्यात जाऊन बसली.

लिहिणाऱ्यांनी यातून काय घ्यायला हवं होतं यावर दोन मतं आहेत. एक मत असं, की प्रेक्षकाला जे आवडलं तेच पुढे दिलं, त्यात चूक काय? हे मत मला पटत नाही. भागवंती चुकीची वाचली गेली, कारण तिच्या सोसण्याची किंमत पडद्यावर पुरेशी दिसलीच नाही. ती दाखवायचं सोडून पुढच्यांनी सोसण्यालाच नायिकेचा गुण करून टाकलं. शब्दाचा घोळही इथलाच. त्या आराखड्यात 'निगेटिव्ह' म्हणजे गिरवू नये असं पात्र. आज सेटवर 'निगेटिव्ह रोल' म्हणजे विष कालवणारी, कानातले मोठे आणि पार्श्वसंगीत दणदणीत असलेली बाई. भागवंतीसारखीला आज 'पॉझिटिव्ह' म्हणतात. चाळीस वर्षांत खूण नेमकी उलटी झाली.

मराठीत १९९१ च्या 'माहेरची साडी'नं सोशिक सून तालुक्या-तालुक्याच्या थिएटरात नेली. गाड्या करून बायका बघायला जात. तरीही, आणि हा मुद्दा नेहमी निसटतो, दुपारच्या मालिकेत ती तेव्हा नव्हती. १९९४ मध्ये हिंदीत 'शांती' दुपारी सुरू झाली. तिची नायिका पत्रकार, आईवर झालेल्या अन्यायाचा जाब मागायला मोठ्या घरात शिरलेली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवर 'दामिनी' आली, मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. तीही दुपारची आणि तिची नायिकाही पत्रकार. शाळा सुटायच्या वेळी आमच्या गल्लीत घराघरांतून तिचं शीर्षकगीत ऐकू यायचं. दुपारच्या मालिकेची पहिली नायिका प्रश्न विचारणारी होती. कामावरून भाजी घेऊन परतणाऱ्या आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी अर्धा तास बसणाऱ्या बायका तिच्यासोबत बसत होत्या.

बदल रात्री झाला. २००० च्या जुलैत एका हिंदी वाहिनीवर रात्री साडेदहाला सासू-सुनांची मालिका सुरू झाली आणि मोठं घर, जरीच्या साड्या, दागिने, कटकारस्थान हे सगळं एकदम आलं. मराठी वाहिन्यांनीही संध्याकाळ-रात्रीच्या वेळा तशाच भरल्या. दुपार रिकामी पडली आणि तिथे रात्रीचं शिळं लागू लागलं. आमच्या भागात २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. खेड्यात रात्री वीज नसली की मालिका चुकायची, मग बायका दुसऱ्या दिवशी दुपारचं प्रक्षेपण गाठायच्या. खुरपणीला जायची वेळसुद्धा त्यावर बेतलेली मी पाहिली आहे. सोशिक सून दुपारी आली ती अशी, रात्रीचा भाग म्हणून. वीस वर्षांनी खास दुपारसाठी मालिका लिहायची वेळ आली तेव्हा दुपारच्या बाईला हेच आवडतं असं गृहीत धरलं गेलं. तिनं ते निवडलं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

मधल्या काळात साचे हलले नाहीत असं नाही. २००१ ते २०१३ चाललेल्या, तीन हजारांवर भाग झालेल्या 'चार दिवस सासूचे'नं सासूलाच नायिका केलं. २०१३ च्या 'होणार सून मी ह्या घरची'त एका सुनेला सहा सासवा मिळाल्या आणि त्या बहुतांशी मायाळू निघाल्या. खाष्टपणा मग नायिकेच्या माहेरी, सावत्र आईकडे गेला. साचा मोडला नाही, फक्त घर बदललं. पुढे नवऱ्याच्या बाहेरच्या प्रकरणाला कंटाळून मसाल्याचा धंदा काढणारी नायिकाही आली. ती चांगली वाटली, पण तिथवर पोचायला तिला शेकडो भाग सोसावं लागलं.

आमच्या भागाचा स्वतःचा साचा म्हणजे 'रांगडा'. २०१६-१७ पासून चित्रीकरणं कोल्हापूर-साताऱ्याकडे सरकली, वाडे आणि उसाची रानं पडद्यावर आली. कोल्हापूरचा पैलवान आला, साताऱ्याचा फौजी आला. ज्या जिल्ह्यात आपशिंगेसारखं गाव नावातच 'मिलिटरी' लावतं, तिथे फौजी नायक हा शोध नव्हता, उशिरा फेडलेलं देणं होतं. रांगड्याचं एक बरं की तो आईपुढे मान खाली घालतो, पण बायकोवर आवाज चढला की ओशाळतो. वाईट हे की त्याला अडाणीपणाशी जोडून टाकलंय. पलटणीतून आलेली माणसं प्रत्यक्षात किती नेमकं आणि किती कमी बोलतात, ते फार थोड्या लिहिणाऱ्यांच्या कानावर पडलंय.

२०१७ च्या 'लागिरं झालं जी'मधली शीतल साताऱ्याकडच्या बोलीत बोलायची, भांडायची, नडायची. नायिकेनं असं बोलणं मराठी मालिकेला नवं होतं. आता चित्रीकरणासाठी गाव आमचं असतं, वाडा आमचा असतो, आणि नायिका प्रमाणभाषेतच रडते. बोली येते ती घरकामाच्या मावशीच्या तोंडी, गड्याच्या तोंडी, नाही तर शेजारून डोकावणाऱ्या कळलावीच्या. सांगली-साताऱ्याच्या नाटकवेड्या पोरापोरींना ऑडिशनला बोलावतात तेही बहुतेक या तीन पार्टांसाठी.