मार्शल, विल्यम

मार्शल, विल्यम : (सु. ११४६–१४ मे १२१९). इंग्लंडमधील मध्ययुगीन सरदार, वेल्समधील पेम्ब्रुकचा अर्ल (वरच्या दर्जाचा उमराव) व राजा तिसरा हेन्री अल्पवयीन असताना राज्याचा कारभारी. राजाच्या अश्वशाळेशी निगडित असलेले मार्शलपद या घराण्याकडे वंशपरंपरेने होते. हुद्द्याचेच आडनाव होणे देशमुख-चिटणिसांमुळे मराठी वाचकाला परके नाही.

जॉन मार्शलचा हा चौथा मुलगा असल्याने त्याच्या वाट्याला जमीन येण्याची आशा नव्हती. ११५२ मध्ये राजा स्टीफनने न्यूबरीला वेढा घातला, तेव्हा जॉनने विल्यमला ओलीस दिले आणि मग दिलेला शब्द मोडला. मुलाला फासावर देण्याची धमकी आली, तर याहून सरस मुलगे घडवायला हातोडा आणि ऐरण आपल्याजवळ शाबूत आहेत, असे उत्तर बापाने धाडले. स्टीफनच्याने मात्र मुलाला मारवले नाही. हा प्रसंग विल्यमच्या थोरल्या मुलाच्या आश्रयाने रचलेल्या फ्रेंच पद्यचरित्रातला असल्याने त्यात कौतुकाचा रंग आहेच.

तरुणपणी द्वंद्वक्रीडांत हरलेल्यांकडून घोडे व खंडणी मिळवून त्याने पोट भरले आणि नावही कमावले. प्लर येथील सामन्यानंतर बक्षिसाचा मोठा पाइक मासा घेऊन लोक त्याला शोधत गेले, तर तो लोहाराच्या ऐरणीवर डोके ठेवून होता. चेपून अडकलेले शिरस्त्राण लोहार ठोकून काढत होता.

खरे वैभव आले ते लग्नामुळे. ११८९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्याचा विवाह इझाबेल द क्लेअर हिच्याशी झाला. ‘स्ट्राँगबो’ रिचर्ड व आयरिश राजकन्या ईफा यांची ही वारस कन्या. तिच्यामुळे वेल्समधील जहागिरी व आयर्लंडमधील लेन्स्टर त्याच्याकडे आले. १२१७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने लिंकनची लढाई जिंकून बालराजाचे सिंहासन वाचवले.

त्याला पाच मुलगे व पाच मुली होत्या. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि औरस संतती न ठेवता वारले : विल्यम १२३१ मध्ये, रिचर्ड १२३४ मध्ये, गिल्बर्ट १२४१ मध्ये आणि वॉल्टर व ॲन्सेल्म १२४५ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने. यांपैकी गिल्बर्टचा जीव गेला तो बापाने नाव कमावलेल्या द्वंद्वक्रीडेतच. सर्व जहागिरी पाच बहिणी व त्यांच्या वारसांत विभागली गेली. मार्शलपद थोरली मॉड हिच्याद्वारे बिगॉड घराण्यात गेले. मृत्युशय्येवरील विल्यमने जिला गाताना न लाजण्याचा धडा दिला, त्या धाकट्या जोनच्या शाखेकडे पेम्ब्रुक आले. पुढे तिच्या मुलीशी लग्न करून विल्यम द वॅलन्स त्याचा धनी झाला.