सोळाव्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉन? आधी अंडं फुटलंय का ते बघा

बाळासाठी प्रयत्न चालू असले की पाळीच्या सोळाव्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची गोळी घ्या असं बऱ्याचदा सांगितलं जातं. २८ दिवसांची पाळी असेल तर ठीक, कारण अंडं साधारण चौदाव्या दिवशी फुटतं. पण ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं एकविसाव्याच्या आसपास फुटणार, मग तिला सोळाव्याला गोळी देऊन काय साधणार? उलट कामच बिघडू शकतं.

होतं असं की फॉलिकल (अंडं ज्यात वाढतं ती पिशवी) मोठं झालं, इस्ट्रोजेन भरपूर वाढलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एकदम एलएच हे हार्मोन सोडते आणि पुढच्या साधारण दीड दिवसात अंडं बाहेर पडतं. रिकाम्या फॉलिकलचं कॉर्पस ल्युटियम होतं आणि तेच प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं, त्यानेच गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्यासारखं होतं. हेच हार्मोन बाहेरून आधीच पुरेशा डोसमध्ये दिलं तर एलएचची ती उसळीच दबते. सशांमध्ये प्रोजेस्टेरॉनने ओव्ह्युलेशन (अंडं फुटणं) थांबतं हे १९३७ मध्येच दिसलं होतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या मुळाशी हेच आहे! आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) तर आता काही वेळा अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून मुद्दाम सुरुवातीपासून प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) देतात, फक्त त्यात अस्तराचं टायमिंग चुकतं म्हणून गर्भ फ्रीज करून नंतरच्या सायकलमध्ये सोडतात.

त्यामुळे कॅलेंडरपेक्षा फॉलिकल स्टडीची सोनोग्राफी किंवा निदान लघवीतलं एलएच दाखवणारी पट्टी बरी, पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) असेल तर सोनोग्राफीच, कारण त्यात पट्टी फसवू शकते. आयव्हीएफनंतर प्रोजेस्टेरॉनचा आधार लागतोच, पण ज्यांचं ओव्ह्युलेशन आपोआप नीट होतंय त्यांना सरसकट देऊन फायदा होतो याला पक्का पुरावा नाही, तरी चिठ्ठीवर असतंच ते.

अजून एक घोळ म्हणजे प्रोजेस्टेरॉनने अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस वाढतं, मग औषध चालू असताना अंडं फुटलं का ते बघायला तापमानाचा चार्ट कशाला ठेवायचा, तो औषधच दाखवणार. छातीत दुखणं, झोप येणं हेही गोळीचंच असू शकतं, आणि पाळीसुद्धा लांबते, म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय दिवस गेले असं धरू नका आणि टेस्ट न करता मनानेच गोळी बंदही करू नका.

अंडं फुटलं का ते बघायला एकविसाव्या दिवशी करतात त्या प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीचंही तेच, ती पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी करायची असते, म्हणजे ३५ दिवसवालीने अठ्ठाविसाव्या दिवशी.