दमलेली नळी ओळखायची कशी?

३ लाख टनी तेलवाहू जहाज भरलेलं असलं की पाण्यात सुमारे २० मीटर खोल बसतं. ते धक्क्याला कसं लागणार? म्हणून कच्छच्या आखातात वाडीनारसारख्या ठिकाणी अशी जहाजं किनाऱ्यापासून दूर, नांगरून ठेवलेल्या एका मोठ्या बोयाला, म्हणजे तरंगत्या पिंपाला, बांधतात. बोयापासून जहाजापर्यंत रबरी नळ्यांची काळी माळ पाण्यावर डुलत असते. तशाच नळ्या बोयाखालून समुद्रतळावरच्या पाईपलाइनीपर्यंत उतरतात. यांना मरीन होज म्हणतात.

इथे पोलादी पाईप चालत नाही. बोया लाटेसरशी वरखाली होतो, जहाज वाऱ्याप्रमाणे त्याच्याभोवती फिरतं. नळीला वाकता आलंच पाहिजे. म्हणून ९ ते १२ मीटरचे तुकडे फ्लँजने, म्हणजे टोकांच्या बोल्ट लावायच्या कड्यांनी, जोडतात. प्रत्येक तुकड्यात आतून तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर, त्यावर चिवट दोऱ्यांचे थर, नळी चेपू नये म्हणून बहुधा पोलादी तारेचं वेटोळं, आणि पाण्यावरच्या नळ्यांत तरंगण्यासाठी फोम.

बाहेरचे घाव, सैल बोल्ट, चिकटलेले शिंपले डोळ्यांना दिसतात. जहाजाच्या कठड्यावरून लोंबणारा तुकडा सगळ्यात जास्त वाकतो, त्यामुळे नजर आधी तिथेच जावी. खरा घात मात्र आतून होतो. वरून नवीकोरी दिसणारी नळी आत पार दमलेली असू शकते.

त्यासाठी ती किनाऱ्यावर आणून तपासतात. मला यातली लांबीची चाचणी फार आवडते, कारण तिला लागतं पाणी, पंप आणि मोजपट्टी. नळीत पाणी भरून लांबी मोजायची, दाब वाढवून पुन्हा मोजायची, दाब सोडून परत मोजायची. दाबाखाली ताणली गेली, हरकत नाही. पण दाब गेल्यावरही ती ठरल्यापेक्षा लांबच राहिली, तर आतल्या दोऱ्यांनी दम सोडलाय. जुन्या लेंग्याचं इलॅस्टिक आठवा!

दुसऱ्या चाचणीत टोकांना पारदर्शक झाकणं लावून आतली हवा खेचतात आणि उजेड टाकून पाहतात. अस्तर कुठे सुटलेलं असेल, तर त्यामागे अडकलेला वायू प्रसरण पावतो आणि अस्तर पुरीसारखं फुगतं.

दुहेरी कवचाच्या नळीत आतलं कवच फुटलं तरी बाहेरचं तेल धरून ठेवतं, आणि सूचक यंत्र गळती दाखवतं. अर्थात ते बघायला कुणीतरी हवं.

२७ जुलै २०१३ रोजी थायलंडच्या रायोंग किनाऱ्याजवळ जहाजातून तेल उतरवताना नळी फुटली. सुमारे ५०,००० लिटर तेल सांडलं आणि को सामेत बेटावरचा आओ फ्राओ किनारा काळा झाला. जानेवारी २०२२ मध्ये त्याच प्रांताच्या समुद्रात, दुसऱ्या एका बोयापाशी, पुन्हा तेल गळलं. या वेळी गळती पाण्याखालच्या नळीतून होती. तिथवर बोटीवरच्या माणसाची नजर पोहोचत नाही. पाणबुड्याला खाली उतरून, शेवाळ खरवडून, एकेक फ्लँज हाताने चाचपावी लागते.