बेटावर गेलेली बाटली परत का येत नाही: अंदमानच्या कचऱ्याची पार्श्वभूमी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की नागपुरात अंदमानच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. कोलकात्याला किंवा चेन्नईला विमान बदलायचं, आधी सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, नील ही बेटं आणि सहाव्या दिवशी परत. मोठा गट असला तर सहलवाले सोबत स्वयंपाकी महाराज नेतात, शिवाय प्रत्येकाच्या बॅगेत चिवडा-शेव असतेच. तिथल्या कचऱ्याचा विषय निघाला की गाडी ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ इथे येऊन थांबते. शिस्त कमी आहे, यात वाद नाही. पण बेटांवरच्या कचऱ्याचा मागचा पन्नासेक वर्षांचा इतिहास पाहिला तर मूळ दुखणं भाड्याचं दिसतं. बेटावर येणाऱ्या मालाचं बोटभाडं किमतीत धरून गिऱ्हाइकाकडून वसूल होतं. रिकामं वेष्टण परत न्यायचं भाडं मात्र कोणाच्याच खात्यावर नसतं.

हिशोब करून पाहा. चाळीस जणांचा गट, सहा दिवस, माणशी रोज एक लिटरच्या दोन बाटल्या. झाल्या ४८० बाटल्या. रिकामी बाटली साधारण २० ते २५ ग्रॅमची, म्हणजे सगळ्या मिळून दहा-बारा किलो. नागपुरात एवढा माल कबाडी एका ठेल्यावर सहज नेतो. पण न चेपता भरल्या तर याच बाटल्यांना दोनशे लिटरचे तीन-चार ड्रम लागतात. असा हलका, फुगीर माल जहाजावर जागा अडवतो आणि भाडंही त्या जागेचंच पडतं. त्यामुळे बाटल्या दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र आणि ते गठ्ठे जहाज येईपर्यंत कोरडे राहतील अशी शेड, एवढं नसेल तर भंगाराचा भाव भाड्यातच जातो. चिप्स-फरसाणच्या चकचकीत पाकिटांचं गणित तर कधीच जुळत नाही. त्यात प्लास्टिकचे आणि धातूचा मुलामा दिलेले थर एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. म्हणून कबाडीही त्यांना हात लावत नाही.

पर्यटक आधी आणि कचऱ्याची सोय नंतर, हा क्रम इतर बेटांनी अंदमानच्या बराच आधी अनुभवला. मालदीवमध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झालं आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत तिथे रुजली. जाहिरातीतलं बेट त्यामुळे चकचकीत राहिलं, कचरा बोटीने दुसरीकडे गेला. हे दुसरीकडे म्हणजे राजधानी मालेपासून सुमारे सात किलोमीटरवरचं थिलाफुशी. तिथे तेव्हा प्रवाळांनी वेढलेलं उथळ पाणी होतं. डिसेंबर १९९१ मध्ये निर्णय झाला आणि जानेवारी १९९२ मध्ये पहिली खेप येऊन पडली. पद्धत अशी: उथळ पाण्यात खड्डा खणायचा, निघालेली वाळू कडेने बांधासारखी रचायची, खड्डा कचऱ्याने भरायचा, वर बांधकामाचा राडारोडा टाकायचा आणि शेवटी पांढऱ्या वाळूचा थर पसरून सपाट करायचं. अशी तयार झालेली जमीन पुढे उद्योगांना भाड्याने दिली गेली. बिघडलं ते वर्गीकरणात. बॅटऱ्या, तेलाचे डबे, ओला कचरा, सगळं एकत्र गेलं. आवक वाढली तसे खड्डे पुरेनात आणि उघड्यावर जाळणं सुरू झालं, ते २०२१ पर्यंत चाललं. नागपुरात भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या आसपास राहणाऱ्यांना असा धूर काय असतो ते सांगायला नको.

बाटलीबंद पाण्याचं मूळही बेटाच्या जमिनीत आहे. प्रवाळाच्या लहान बेटावर पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगतं. हॉटेलांनी तो थर पंपाने उपसला की खालचं खारं पाणी वर येतं. शौचालयाचा शोषखड्डा त्याच वाळूत असला तर गोडं पाणीही नासतं, कारण वाळूतून पाणी झरझर खाली जातं, गाळलं जात नाही. मग पाहुण्याला बाटली देण्याशिवाय हॉटेलवाल्यापुढे पर्याय उरत नाही. सांडपाणी पुढे प्रवाळापर्यंत पोचतं ते वेगळंच.

फिलिपिन्सच्या बोराकायने याच सांडपाण्यापायी सहा महिने टाळं पाहिलं. जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट, आणि २०१७ मध्ये तिथे वीस लाखांवर पर्यटक आले. कित्येक हॉटेलांनी मैलापाण्याच्या नळ्या थेट पावसाच्या गटारांना जोडल्या होत्या. २६ एप्रिल ते २६ ऑक्टोबर २०१८ बेट बंद राहिलं. उघडताना एका वेळी बेटावर १९,२१५ पर्यटक ही कमाल मर्यादा घातली गेली आणि मैलापाण्याची सोय नसलेल्या हॉटेलांना परवाना नाकारला. या सगळ्यात टिकाऊ काम त्या आकड्याचं आहे. थायलंडच्या माया बेवरही तेच दिसलं. जून २०१८ मध्ये बंद झालेला तो किनारा जानेवारी २०२२ मध्ये उघडला तेव्हा बोटींना मागच्या बाजूच्या धक्क्यावर पाठवलं आणि एका वेळी किती जण येणार ते ठरवून दिलं. नुसत्या झाडलोटीच्या मोहिमांनी दोन्हीकडे काही साधलं नव्हतं.

आता अंदमान. सेल्युलर जेल ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. सावरकरांच्या कोठडीमुळे मराठी माणसाचा तिकडे ओढा आधीपासून होता, पण जहाजाचे तीन-चार दिवस कोण घालवणार? २००४ मध्ये टाइम मासिकाने हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं आणि त्याच डिसेंबरात त्सुनामी आली. ती ओसरल्यावर एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीवर येणारे कर्मचारी, स्वस्त विमानं आणि बेटांमधल्या वेगवान खासगी बोटी, असं सगळं एकदम आलं. हॅवलॉक हे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचं शेतीचं बेट. वस्त्यांना क्रमांक दिले होते, म्हणून राधानगरला आजही ‘सात नंबर’ म्हणतात. नारळ, सुपारी आणि भाताच्या त्या बेटाचा कचरा पूर्वी मातीत जिरणारा होता. नाव २०१८ अखेर स्वराज द्वीप झालं, राधानगरला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग ही स्वच्छ किनाऱ्याची आंतरराष्ट्रीय खूण मिळाली. पण ती खूण किनाऱ्याच्या पट्ट्यापुरती असते, मागच्या हॉटेलांच्या शोषखड्ड्यांशी तिचा संबंध नाही. २०१९ च्या किनारा अधिसूचनेने तर हॅवलॉकसारख्या लहान बेटांवर भरतीरेषेपासून बांधकाममुक्त पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. शोषखड्डे त्यामुळे समुद्राच्या आणखी जवळ जाऊ शकतात.

अंदमानात एक नियम मात्र खरोखर चालतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर प्लास्टिकला बंदी आहे. धक्क्यावर बॅगा तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या-पाकिटं ठेवून घेतात आणि पाण्यासाठी अनामत रकमेवर बाटली देतात. ती परत केली की पैसे परत. हे जमतं कारण जायचा-यायचा धक्का एकच आहे. ज्या जंगलाला डझनभर फाटकं असतात तिथे हीच तपासणी ढिली पडते. २०२४ च्या सुरुवातीला ताडोबाच्या निमढेला भागात वाघाने तोंडात धरलेल्या प्लास्टिक बाटलीची चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. देशभरातली १ जुलै २०२२ ची एकल-वापर प्लास्टिक बंदी इथे फारशी कामाची नाही, कारण तिच्या यादीत पाण्याची बाटलीही नाही आणि चिप्सचं पाकीटही नाही.

किनाऱ्यावर दिसणारा सगळा कचरा पर्यटकांचा असतो असंही समजू नये. ग्रेट निकोबारच्या किनाऱ्यांवर मलेशिया, इंडोनेशिया, थायलंडची लेबलं असलेल्या बाटल्या वाहून येतात, मासेमारीची तुटकी जाळीही येतात. आणि वाहून जाण्याची वाट आपल्याकडेही आहेच: नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. नागपूरच्या सीताबर्डीत नाल्यात पडलेली पिशवी बहुधा वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यातच अडकते, एवढाच काय तो दिलासा.

अशा पडलेल्या एका बाटलीने काय होतं, ते रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यावरून कळतं. तोंड वर करून वाळूत कलंडलेल्या बाटलीत तो शिरतो, पण आतल्या गुळगुळीत चढावर पाय ठरत नाहीत. आत उपाशी मरतो. मेलेल्या खेकड्याच्या वासावर ‘शंख रिकामा झाला’ असं समजून दुसरा येतो, मग तिसरा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर अशा अडकून मेलेल्या खेकड्यांचा अंदाज ५ लाख ८ हजार होता. पर्यटक उचलून नेतात ते शंखही याच खेकड्यांची घरं असतात. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव कायद्याखाली येतात, विमानतळावर बॅगेत सापडले तर काढून घेतले जातात.

नागपूरहून गट नेणाऱ्यांना करता येण्याजोगं बरंच आहे. माणशी एक स्टीलची बाटली आणि मुक्कामाच्या ठिकाणी २० लिटरचा जार ठरवून घेतला तर वरच्या ४८० बाटल्यांपैकी बहुतेक टळतात. फरसाण घरीच डब्यात काढून वेष्टणं नागपुरात ठेवावीत. तरी उरलेली पाकिटं पुसून, कोरडी करून एका पोत्यात दाबावीत. ओली किंवा तेलकट राहिली तर दुसऱ्या दिवशी मुंग्या लागतात आणि खोली साफ करणारा ते पोतं बाहेर फेकतो. चाळीस जणांची पाकिटं दोन-अडीच किलोच्या वर जात नाहीत, परतीच्या सामानात सहज मावतात. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे खुलं असतं, पावसाळ्यात त्याऐवजी रेडस्किन बेट. सोमवारी फेरी नसते.