एक्स-रे चांगला आलाय, मग आजी उठत का नाही?

खुब्याचं हाड मोडलं की घरात सगळी धावपळ ऑपरेशनची असते, रॉड घालायचा की बॉल बदलायचा, खर्च किती, रात्री कोण थांबणार. ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन दिवसांत उरकतात आणि बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी फिजिओ येऊन वॉकर धरून उभं करतो. मग घरी आल्यावर आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, फिजिओ आला की "आज नको", जेवण दोन घास, आणि आपण म्हणतो हट्टी आहे, नाहीतर वय झालं.

बऱ्याचदा हे डिप्रेशन असतं आणि त्याचा चालण्यावर थेट परिणाम होतो. अमेरिकेत जाना मॉसी यांनी खुबा मोडलेल्या वयस्कर बायकांचा अभ्यास केला होता, 1990 च्या आसपास तो छापून आला. ज्यांची उदासी टिकून राहिली त्या चालण्या-फिरण्यात मागे पडल्या.

असं का होतं ते बघा. 2007 च्या एका प्रयोगात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त 10 दिवस झोपवून ठेवलं तर पायांचं मांस जवळजवळ 1 किलो कमी झालं, आणि यांचं हाडबिड काही मोडलं नव्हतं! मग आपल्या आजीचं काय होत असेल. मन लागत नाही म्हणून ती उठत नाही, उठत नाही म्हणून पाय लटपटतात, पाय लटपटले की परत पडायचा धसका, आणि त्या धसक्यानं अजूनच अंथरूण धरलं जातं.

ओळखायचं कसं? झोप आणि भूक तर ऑपरेशननंतर कोणाचीही बिघडते. म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठीच्या 15 प्रश्नांच्या हो-नाही चाचणीत ते विचारतच नाहीत, कंटाळा येतो का, असहाय वाटतं का, असलं विचारतात. मात्र ऑपरेशननंतर माणूस एकदम गप्प झाला, गुंगीत राहायला लागला, मधेच बरा मधेच भ्रमात, तर ते डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असू शकतं, तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उपाय शरीर आणि मन, दोन्ही बाजूंनी करावे लागतात. व्यायामाआधी दुखण्याची गोळी कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण ठणका असेल तर कोण उठेल? "रोज वीस पावलं" असं सांगण्यापेक्षा देवघरापर्यंत जाऊन दिवा लावायचा, हे आजीला जास्त पटतं. डिप्रेशनच्या गोळ्या लागल्या तर जरूर घ्याव्यात, पण मेडिकलवाल्याला विचारून नाही, काही गोळ्यांनी म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, मग चक्कर येते आणि परत पडायची भीती. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416. आणि फॉलो-अपला जाल तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनाही हे सगळं सांगा, एक्स-रेमध्ये ते दिसत नाही.